लाकूडकामाचा जुना लेथ घ्यायचाय? ‘एचपी’ नंतर विचारा, आधी स्पिंडल हातानं फिरवा

‘लेथ मशीन विकणे आहे. चालू स्थितीत. 1 एचपी मोटर. हेवी बॉडी. किंमत फोनवर.’

अशी जाहिरात मोबाइलवर दिसली आणि सोबत ताज्या हिरव्या रंगानं चमकणाऱ्या मशीनचे दोन-तीन फोटो असले, की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप उभं करू पाहणाऱ्याचा हात लगेच कॉल बटणाकडे जातो. पण या जाहिरातीत कामाची म्हणावी अशी माहितीच नाही. मशीन लाकडाचं आहे की धातूचं? मोटर घरच्या लाइनवर चालेल का? पोळपाटाएवढी फळी त्यावर फिरेल का? आणि स्पिंडल सरळ आहे का?

बुलढाणा, चिखली, मेहकरपासून खामगाव, मलकापूरपर्यंत सुतारकाम करणारी माणसं कमी नाहीत. लाटणी, रव्या, देवघराचे खांब, बाजेचे पाय, पाळण्याच्या दांड्या, भोवरे यांना गावात आणि जत्रेत गिऱ्हाईकही असतं. शेतीच्या मोकळ्या दिवसांत हे काम जोडधंदा म्हणून करता येतं. नवं मशीन परवडत नाही, म्हणून जुनं बघितलं जातं. त्यात काही वावगं नाही. चांगल्या ओतीव लोखंडाचा लेथ वीस-तीस वर्षांनंतरही उत्तम चालतो. पण निवड चुकली तर मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहतं आणि शेवटी भंगाराच्या भावानं जातं. त्याहून वाईट म्हणजे फिरतं लाकूड सुटून तोंडावर येऊ शकतं.

म्हणून जुनं मशीन बघायला जाताना एकच विचार डोक्यात ठेवा: यातलं काय बदलता येतं आणि काय बदलता येत नाही? मोटर, पट्टा, बेअरिंग, स्विच हे सगळं बाजारात मिळतं. वाकलेला स्पिंडल, तडा गेलेला हेडस्टॉक आणि पीळ बसलेला बेड मात्र स्वस्तात सुधारत नाही. रंग आणि हॉर्सपॉवर यांचा नंबर त्यानंतर येतो.

आधी खात्री करा, हा लाकडाचाच लेथ आहे ना?

आपल्याकडे नुसतं ‘लेथ’ म्हटलं की बहुतेकांना धातूचा लेथ अभिप्रेत असतो. आयटीआयच्या टर्नर ट्रेडला असतो तो, किंवा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाशेजारी शाफ्ट घासून देणारा. लाकूड कातायला मराठीत ‘कातकाम’ आणि कातणाऱ्याला ‘कातारी’ असे जुने शब्द आहेत, पण जाहिरातीत ते क्वचितच सापडतील. तिथे ‘वुड लेथ’, ‘वुड टर्निंग’ किंवा हिंदीतला ‘खराद’ असतो. ऑनलाइन शोधताना तिन्ही शब्द टाकून बघा.

दोन्ही मशीनमध्ये वस्तू फिरते आणि हत्यार स्थिर असतं, एवढंच साम्य. धातूच्या लेथवर हत्यार घट्ट बसवलेलं असतं आणि चाकं फिरवून ते पुढे-मागे सरकवतात. लाकडाच्या लेथवर पटाशी आपल्या हातात असते, ती टेकवायला फक्त एक आडवी पट्टी असते, म्हणजे टूल रेस्ट. धातूच्या जुन्या लेथचा वेग बहुधा कमी असतो, तर लाटण्यासारखी बारीक वस्तू स्वच्छ कातायला मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे हवेत. शिवाय धातूच्या लेथच्या सरक-पट्ट्यांना तेल लावलेलं असतं. त्यावर लाकडाचा भुसा पडला की खरखरीत लगदा तयार होतो आणि मशीन झिजवतो.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ज्यांनी लोखंडी दांडा कातून ‘जॉब’ जमा केलाय, त्यांना धातूचा लेथ ओळखीचा आणि म्हणून मोहाचा वाटतो (माझ्यासारख्यांना तर हमखास). ‘यावर दोन्ही होतं’ असं विकणारा सांगतोही. होतं, पण दोन्हीही मनासारखं होत नाही. लाकूडच कातायचं असेल तर लाकडाचाच लेथ घ्या.

तुम्ही बनवणार काय?

मशीनचा आकार यावर ठरतो. दोन मापं विचारायची.

पहिलं माप ‘स्विंग’. स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. मध्य बेडपासून 6 इंच वर असेल तर 12 इंच व्यासापर्यंतची वस्तू फिरू शकते. 10 इंची पोळपाटाला हे पुरेसं वाटतं. पण चौकोनी फळीचा कर्ण विसरू नका. 10 इंच चौरस तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 14 इंचांहून थोडा जास्त भरतो, म्हणजे आधी करवतीनं कोपरे उडवल्याशिवाय तो बेडवर आपटणार. टूल रेस्टचा पायाही बेडवरच असतो, त्याच्या वर उरणारी जागा आणखी कमी असते. तीही मोजा.

दुसरं माप दोन सेंटरमधलं अंतर, म्हणजे किती लांबीचं लाकूड बसेल ते. इथे एक गल्लत नेहमी होते. ‘साडेचार फुटी लेथ’, ‘सहा फुटी लेथ’ असं जे म्हणतात, ती बेडची लांबी असते. डावीकडचा हेडस्टॉक आणि उजवीकडचा टेलस्टॉक त्यातली बरीच जागा खातात. टेलस्टॉक शेवटाला ढकलून, टेप लावून, प्रत्यक्ष किती उरतं ते बघा. लाटणं आणि रवी यांना दीड फूट पुरतं. बाजेच्या पायाला दोन-अडीच फूट धरा. जिन्याच्या कठड्याचे खांब करायचे असतील तर तीन फुटांच्या वर.

मोठं मशीन नेहमी चांगलंच, असं नाही. महाराष्ट्रात कातकामाचं नाव निघालं की सावंतवाडी आठवते. तिथली लाकडी फळं, भाज्या, भोवरे आणि खेळणी ओळखीची आहेत. हे काम मुठीत मावणाऱ्या वस्तूंचं. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड, छोटा तुकडा आणि त्यावर सगळी करामत हाताची. लाखेचं रंगकाम करणारे कारागीर तर फिरत्या वस्तूवरच लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर चढते. अशा कामाला छोटा लेथ पुरतो.

आपल्याकडचं लाकूड मात्र वेगळं आहे. फर्निचरच्या दुकानातून मिळणारे सागवानाचे तुकडे, बाभूळ, कडूनिंब, आंबा, आणि कुठे मिळालंच तर अंजन. अंजनाचा गाभा भारतातल्या सगळ्यात कठीण आणि जड लाकडांत गणला जातो. सागवान कापायला सोपं वाटतं, पण त्यात सिलिका असल्यानं पटाशीची धार लवकर जाते. बाभळीचा किंवा अंजनाचा मोठा गोळा फिरवायचा असेल तर हलका, टेबलावरचा मिनी लेथ थरथरणार. इथे मशीनचं वजन हीच जमेची बाजू.

थ्री फेज मोटर आणि घरचं सिंगल फेज कनेक्शन

कारखान्यातून किंवा संस्थेतून आलेल्या जुन्या लेथवर बहुधा थ्री फेज मोटर असते. घरी मात्र 230 व्होल्टची सिंगल फेज लाइन. म्हणून फोनवरच विचारा आणि मोटरच्या प्लेटचा फोटो मागवा. फेज, व्होल्ट, एचपी आणि आरपीएम, हे चारही आकडे प्लेटवर असतात.

थ्री फेज निघाली तरी सौदा लगेच मोडायची गरज नाही. दोन मार्ग आहेत. एक, मोटर काढून तेवढ्याच एचपीची सिंगल फेज मोटर बसवणं. दुसरा, व्हीएफडी नावाचा कंट्रोलर लावणं. तो सिंगल फेज घेतो, थ्री फेज देतो आणि वर नॉबनं वेग कमी-जास्त करता येतो. लाकूडकामात ही सोय फार मोलाची आहे. मात्र एक तांत्रिक अट आहे. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटरी सहसा 415 व्होल्टसाठी ‘स्टार’ जोडणीत असतात आणि सिंगल फेजवरचा व्हीएफडी साधारण 230 व्होल्टच देतो. त्यासाठी मोटर ‘डेल्टा’मध्ये जोडावी लागते. तशीच ‘स्टार’मध्ये ठेवली तर तिची ताकद एक तृतीयांशावर येते आणि विकणाऱ्यानं फसवलं असं आपल्याला वाटतं. टर्मिनल बॉक्स उघडून बघा: सहा वायरी बाहेर असतील तर इलेक्ट्रिशियन जोडणी बदलून देईल. तीनच असतील तर मोटर खोलावी लागेल. मग त्याचा खर्च सौद्यात धरा.

‘शेतात थ्री फेज आहेच, तिथेच लावू’ हा विचार अनेकांच्या मनात येतो. कृषिपंपाच्या कनेक्शनवर लेथ चालवणं म्हणजे मंजूर कारणाशिवाय वीज वापरणं. वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली त्यावर दंडाची आकारणी होऊ शकते. घरच्या मीटरवर काम करून माल विकणार असाल तर कोणता दर लागेल, हेही महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.

थ्री फेज लाइन घेतलीच तर आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे फिरण्याची दिशा. तीनपैकी कोणत्याही दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. पंपात त्यानं पाणी कमी येतं. लेथवर उलट्या फिरण्यानं स्पिंडलच्या आट्यांवर बसवलेला चक सैल होऊन निघू शकतो. समोर उभं राहिल्यावर लाकडाची वरची बाजू तुमच्याकडे यायला हवी. लाइनवर दुरुस्ती झाल्यानंतर लाकूड न लावता एकदा दिशा बघून घ्यायची.

मशीनजवळ गेल्यावर काय बघायचं?

सोबत न्यायच्या वस्तू साध्या आहेत. एक फुटी स्टीलची पट्टी, टेप, खडू, दोन इंच जाडीचा फूटभर वाळलेला लाकडी तुकडा, जाड 5 रुपयांचं नाणं आणि तुमचा मोबाइल.

मशीन आधी बंदच ठेवायला सांगा. प्लग काढलेला असू द्या आणि पट्टा सैल करा. आता स्पिंडल हातानं फिरवा. तो मऊ, एकसारखा फिरायला हवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलंय. मध्येच अडकला आणि पुढे सुटला, दर फेऱ्याला त्याच जागी, तर शंका घ्या. मग स्पिंडलच्या नाकाखाली लाकडी दांडा घालून हळूच वर उचला. ‘कट्’ असा आवाज आला किंवा हाताला हालचाल जाणवली तर बेअरिंगमध्ये ढिलाई आहे.

बेअरिंगला घाबरू नका. बहुतेक ठिकाणी 62 मालिकेतली साधी बॉल बेअरिंग असतात. 6204 असेल तर आतला व्यास 20 मिलिमीटर, 6205 असेल तर 25, 6206 ला 30. शेवटच्या दोन अंकांना पाचानं गुणायचं. कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी पंपाचे सुटे भाग विकणाऱ्याकडे ही मिळतील. खराब बेअरिंग म्हणजे भाव कमी करायचं कारण, मशीन सोडून द्यायचं नाही.

स्पिंडल वाकलेला असेल तर मात्र सोडून द्या. हे ओळखायचं असं: टूल रेस्टवर पेन्सिल आडवी टेकवा, तिचं टोक स्पिंडलच्या नाकाजवळच्या गुळगुळीत, आटे नसलेल्या भागापासून केसभर अंतरावर धरा आणि स्पिंडल सावकाश फिरवा. फट एकसारखी राहिली तर ठीक. एका बाजूला मिटून दुसऱ्या बाजूला उघडत असेल तर स्पिंडल वाकलाय. जुनं मशीन टेम्पोतून उतरवताना दोरी स्पिंडललाच बांधली, की हे असं होतं.

आता आटे. स्पिंडलच्या टोकावरच चक किंवा फेसप्लेट बसते. आटे चेपलेले, झिजलेले, वेल्डिंगचे थेंब पडलेले नकोत. माप विचारा. बाजारातले चक साधारण ठरावीक मापांत येतात, जसे 1 इंच 8 आटे किंवा एम 33. स्थानिक फॅब्रिकेटरनं बनवलेल्या लेथवर कोणतेही आटे सापडू शकतात. मग खामगाव किंवा मलकापूरच्या एखाद्या धातूच्या लेथवाल्याकडून जोड बनवून घ्यावा लागेल. ते होतं, फक्त आधी माहीत हवं.

मोबाइलचा टॉर्च लावून स्पिंडलच्या आणि टेलस्टॉकच्या भोकात बघा. आत निमुळतं छिद्र असतं, त्याला मोर्स टेपर म्हणतात. 2 नंबरचं असेल तर उत्तम, कारण ड्रिल मशीनच्या दुकानातही त्या मापाचे भाग मिळतात. त्याच्या तोंडाचा व्यास पावणेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो, 1 नंबरचा सुमारे 12. आत वरवरचा गंज असेल तर साफ होतो. खोल चरे असतील तर सेंटर कामाच्या वेळी घसरत राहील.

टेलस्टॉक पुढे आणून दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांना भिडवा. मिलिमीटरभर फरक निघाला तर? विकत घेणारे इथे उगाच अडून बसतात. दोन सेंटरमध्ये धरून लाटणं कातायला एवढ्या फरकानं फारसं बिघडत नाही, आणि टेलस्टॉकखाली पत्र्याची पट्टी घालून काही वेळा तो काढताही येतो. पण फुलदाणीसारखं मधोमध भोक पाडायचं काम असेल तर टोकं जुळायलाच हवीत. टेलस्टॉक आवळल्यावर हातानं जोर लावून हलतो का, हे जास्त महत्त्वाचं. तो सरकला की लाकूड सुटलं.

बेडवर स्टीलची पट्टी उभी ठेवून मागून टॉर्च मारा. मधोमध उजेड दिसला तर झीज किंवा वाक आहे. ओतीव भागांवर, विशेषतः हेडस्टॉकच्या कोपऱ्यांत आणि बोल्टच्या भोकांभोवती, तडे शोधा. ताजा जाड रंग असेल तर नखानं, नाण्यानं खरवडा. पितळेच्या रंगाची रेघ दिसली तर ब्रेझिंग केलंय, म्हणजे कधीतरी फुटलं होतं. विकणारा नाराज होईल, होऊ द्या.

सी-चॅनल आणि पेडेस्टल बेअरिंग जोडून गावातच बनवलेले लेथही विक्रीला येतात. त्यांना नाक मुरडायचं कारण नाही. लाटणी-रव्यांसाठी असा लेथ वर्षानुवर्षं चालवणारे आहेत. फक्त बघा की दोन्ही पेडेस्टल एका रेषेत आहेत, टूल रेस्ट पक्का आवळतो, आणि शाफ्ट साधा बारसळईचा नाही. थरथर होत असेल तर चॅनलच्या पायात वाळू किंवा काँक्रीट भरून ती बरीच कमी करता येते.

मशीन चालू करून बघा

‘लाइट नाही, उद्या या’ असं उत्तर आलं तर उद्याच जा. मशीन चालू न बघता पैसे देऊ नका.

लाकूड न लावता सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. हेडस्टॉकवर 5 रुपयांचं नाणं कडेवर उभं करा. उभं राहिलं तर उत्तमच. लगेच पडलं तर पट्टा, पुली किंवा बेअरिंग बघा. पुलीवर खडूची खूण करून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा. पुली डोलत असेल तर डोळ्याला न दिसलेलंही त्यात दिसतं. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. मग बंद करून बेअरिंगच्या जागी हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही. मोटरमधून जळका वास येतोय का, तेही बघा. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तिला याहून जास्त सोसायचंय.

त्यानंतर सोबत नेलेला तुकडा लावून कातून बघा, किंवा विकणाऱ्याला कातायला सांगा. लाकडावर समान अंतरावर बारीक नक्षीसारख्या लाटा उमटत असतील तर कुठेतरी थरथर आहे. कधी दोष पटाशीच्या धारेचाही असतो, हे लक्षात ठेवून निकाल द्या.

वेगाचं गणित

फेरे किती, हे पुलीवरून काढता येतं. मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले स्पिंडलच्या पुलीचा व्यास. मोटर 1440 आरपीएमची, तिची पुली अडीच इंच आणि स्पिंडलची सहा इंच, तर 600 फेरे. दोन्ही चार-चार इंच असतील तर 1440. प्लेटवर 2800 च्या आसपास आकडा असेल तर सगळे वेग जवळपास दुप्पट होतात. अशा मशीनचा सगळ्यात कमी वेगही पोळपाटासाठी जास्त ठरतो.

कातारी कामात एक ढोबळ हिशेब वापरतात. व्यास इंचांत घेऊन फेऱ्यांशी गुणला तर उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान यावं. 10 इंची पोळपाटाला म्हणजे 600 ते 900 फेरे. दोन इंची लाटण्याला हिशेबानं तीन हजारांच्या वर जाता येतं, पण दोन हजारांत काम छान होतं.

हे का पाळायचं? 10 इंची फळी 1000 फेऱ्यांवर फिरते, तेव्हा तिची कड ताशी सुमारे 48 किलोमीटर वेगानं जात असते. 2000 फेऱ्यांवर तोच वेग 96. समृद्धी महामार्गावरच्या गाडीच्या वेगानं फिरणारी, कदाचित आतून तडकलेली फळी तुमच्या छातीसमोर असते. म्हणून जुन्या मशीनमध्ये ‘जास्तीत जास्त स्पीड किती’ हे विचारण्याआधी ‘कमीत कमी किती’ हे विचारा. 500-600 च्या खाली जाणारं मशीन मोठ्या कामासाठी घ्यावं.

शोधायचं कुठे?

बंद होणारी फर्निचरची दुकानं ही माझ्या मते पहिली जागा. तिथे मशीन चालू स्थितीत असतं आणि चालवणारा समोर असतो. त्याला ‘यावर शेवटचं काय केलं?’ असं विचारा. उत्तरातून बरंच कळतं. खामगाव आणि मलकापूरची एमआयडीसी, शेजारी अकोला, देऊळगाव राजाकडच्यांना जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर या ठिकाणी जुन्या मशीनचे व्यापारी आणि भंगारवाले असतात.

सरकारी संस्थांतली निर्लेखित यंत्रं लिलावात निघतात. एमएसटीसीसारख्या ई-लिलावाच्या पोर्टलवर ती दिसतात. तिथे माल ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर मिळतो. अनेकदा एकट्या लेथऐवजी अख्खा लॉट उचलावा लागतो आणि चालवून बघायची संधी नसते. भंगाराचा अनुभव असलेला माणूस सोबत नसेल तर यात न पडलेलं बरं.

ऑनलाइन जाहिरातीत मशीन न बघता ‘बुकिंग अमाउंट’ मागणारा असेल तर तिथेच थांबा. बदली झालेला अधिकारी, ट्रान्सपोर्टचा आगाऊ खर्च, ‘क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील’, या सगळ्या ठरलेल्या युक्त्या आहेत. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर उशीर न करता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. समोरासमोरच्या व्यवहारातही मशीनचा नंबर लिहिलेली सही-पावती घ्या. चोरीचं मशीन निघालं तर तेवढाच आधार.

सांगितलेली किंमत ही पूर्ण किंमत नसते

समजा मशीन 20 हजारांना ठरलं. त्यात चक आहे का? फिरतं सेंटर? टूल रेस्टचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे? पटाश्या? धार लावायला ग्राइंडर? नवीन शिकणाऱ्याला वाटतं की मशीन घेतलं की झालं. पण ही सगळी साधनं स्वतंत्र घ्यायची तर एकूण खर्च मशीनच्या किमतीला गाठू शकतो. म्हणून 20 हजारांत नुसतं मशीन आणि 26 हजारांत चक-पटाश्यांसकट मशीन, यात दुसरं स्वस्त पडू शकतं. पटाश्या हायस्पीड स्टीलच्या आहेत का, ते विचारा. साध्या लोखंडाला ठोकून केलेल्या पटाशीची धार सागवानावर टिकत नाही.

सुतारकाम हाच व्यवसाय असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आणि खेळणी बनवणारे दोन्ही येतात. अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजानं पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. खासगी माणसाकडून जुनं मशीन घ्यायला हे पैसे चालतील असं गृहीत धरू नका, बँकेत आधी विचारा.

लाकडाची पावतीही जपून ठेवा. शेतातलं सागवान तोडायला परवानगी आणि वाहून न्यायला वन विभागाचा पास लागतो. जुन्या वाड्याचं लाकूड स्वस्त आणि वाळलेलं मिळतं, पण त्यात मोडलेले खिळे असतात. कातण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवायचं.

घरी आणल्यावर

टेम्पोत चढवण्याआधी मोटर आणि टेलस्टॉक उतरवा. दोरी बेडला बांधा, स्पिंडलला नाही. 1 एचपीच्या सिंगल फेज मोटरसाठी 16 अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि खरं अर्थिंग लागतं. टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर लेथ लावू नका.

आणि स्विच. हे जुन्या मशीनवर हमखास दुर्लक्षित राहतं. बऱ्याच मशीनवर घरातल्यासारखा साधा स्विच असतो. काम चालू असताना वीज गेली, तुम्ही पाणी प्यायला आत गेलात, स्विच तसाच राहिला. वीस मिनिटांनी वीज आली की लेथ आपोआप सुरू होतो. तोपर्यंत एखादं लहान मूल ढलप्यांशी खेळत तिथे बसलेलं असू शकतं. यासाठी नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर बसवा. वीज गेली की तो बंद पडतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. शेतकऱ्याला हा स्टार्टर नवा नाही, पंपावर तोच असतो. पण पंपाच्या पेटीला आपण ‘ऑटो’ लावतो, वीज आली की पंप स्वतः सुरू व्हावा म्हणून. ती ‘ऑटो’वाली जुनी पेटी लेथला अजिबात जोडायची नाही.

हातमोजे घालून कातकाम करू नका, फिरतं लाकूड मोज्यासकट हात ओढतं. उपरणं, ओढणी, सैल बाही, गळ्यातला दोरा, हातातला गोफ, सगळं आधी काढून ठेवा. चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल घ्या. सागवानाच्या बारीक भुशानं अनेकांना खाज आणि शिंका येतात, पॉलिश पेपर मारताना मास्क लावा. मशीन सुरू करताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत उभं राहायचं नाही, एका बाजूला थांबायचं.

राहता राहिली उंची. स्पिंडलचा मध्य साधारण तुमच्या कोपराच्या उंचीवर हवा. जुन्या मशीनचे स्टँड आधीच्या मालकाच्या उंचीचे असतात, शाळा-संस्थांतले तर बरेचदा बुटके. तसंच वापरलं तर तासाभरात कंबर बोलू लागते. पायाखाली सिमेंटचे ठोकळे देऊन मशीन वर घ्या, बेडवर मोबाइलचं लेव्हल ॲप ठेवून चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा, आणि मगच फाउंडेशनचे बोल्ट आवळा.